घोट्याचं भान

एक्स-रे खिडकीच्या उजेडाकडं धरून डॉक्टर म्हणाले, "हाड शाबूत आहे. काही झालेलं नाही."

मी टेबलावर सरळ ठेवलेल्या माझ्या उजव्या पायाकडं पाहिलं. घोटा दिसतच नव्हता. बाहेरच्या अंगाला लहानशा वांग्याएवढी सूज होती आणि तळव्याच्या कडेला जांभळा-हिरवा रंग उतरला होता. एवढं सगळं म्हणजे काही न होणं असेल, तर होणं कसलं असतं, हे विचारायचं धाडस झालं नाही. क्रेप बँडेज, पाच दिवसांच्या गोळ्या, 'दोन आठवडे जपा' एवढं घेऊन मी बाहेर पडले. डॉक्टरांचं चुकलं असंही म्हणवत नाही. बाहेर चाळीस माणसं बसलेली होती आणि हाड खरोखरच शाबूत होतं.

झालं होतं असं. चैत्रात मावशीच्या गावी यात्रेला गेले होते. गाव अहमदपूर तालुक्यातलं, रान काळं कसदार. हरभरा काढून दीड महिना झालेला, नांगरट अजून व्हायची होती. संध्याकाळी मावशीच्या मागं बांधावरून चालताना जवळची वाट म्हणून मी रानात उतरले, आणि उजव्या पावलाची बाहेरची कड एका भेगेत गेली. काळ्या मातीला आमच्याकडं उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा ज्यानं पाहिल्या नाहीत, त्याला त्यांचं माप सांगून पटत नाही. चार बोटं रुंद, आणि काही तर इतक्या खोल की हात घातला तर कोपरापर्यंत जावा. बसाल्ट झिजून झालेल्या या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. पावसाळ्यात जे रान चप्पल ओढून घेतं, तेच वैशाखात पाय गिळायला बसतं. पाऊल आत वळलं, अंगाचं ओझं त्याच्यावर आलं, आणि 'कट्' असा आवाज मला स्वतःला ऐकू आला.

मावशीनं आधी मला धरून बांधावर बसवलं, मग रानाला शिव्या दिल्या, मग पायाकडं पाहिलं. "लचकलाय. हाड न्हाई मोडलं," तिनं निकाल दिला. डॉक्टरांच्या आधी एक दिवस आणि एक्स-रेशिवाय. घरी आंबेहळद आणि तुरटी उगाळून लेप झाला. त्याच्यावर एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांधलं. एवढ्यावर भागलं नाही म्हणून शेजारचा दहावीतला मुलगा बोलावला, कारण तो पायाळू. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याचा पाय लागला की उसण जाते, असा आपल्याकडं समज. उसण पाठीत भरते आणि माझं दुखणं घोट्यात होतं, पण मावशीच्या शास्त्रात एवढी सवलत असावी. पोरगं बिचारं लाजून लाल झालं. माझ्या सुजेला अंगठा लावल्यासारखं केलं आणि पळालं.

थट्टा बाजूला ठेवते. लेपानं गार वाटलं, पान बांधल्यामुळं पाय हलला नाही, आणि तीन दिवस मला कुणी पाणी आणायला पाठवलं नाही. पहिल्या दिवसांत जे व्हायला हवं, त्यातलं बरंचसं त्यात झालं. आणि 'हाड न्हाई मोडलं' हे मावशीनं कशावरून ठरवलं, ते मला नंतर कळलं. तिनं मला तिथंच बांधावर चार पावलं टाकायला लावली होती. कण्हत का होईना, मी टाकली. मग घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर अंगठा दाबून पाहिला होता. कॅनडातल्या ओटावा शहरात इयान स्टील आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मुरगळलेल्या घोट्याचा एक्स-रे कुणाचा काढावा याचे नियम बांधले. त्यांचा गाभा हाच आहे: चार पावलं टाकता येतात का, आणि घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांच्या मागच्या कडेवर किंवा पावलाच्या ठरावीक हाडांवर दाबल्यावर दुखतं का. मावशीला ओटावा ठाऊक नाही. तिनं आयुष्यात बैलांचे आणि माणसांचे पुष्कळ पाय पाहिलेत.

सूज पंधरा दिवसांत उतरली. महिन्यानं मी विसरले. आषाढात लातूरच्या गंजगोलाईत खरेदीला गेले होते. गोलाई म्हणजे मधोमध गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते, प्रत्येकावर वेगळा बाजार. त्यातल्या एका रस्त्यावर, कोरड्या, सपाट, भेगबिग काही नसलेल्या डांबरावर, माझा तोच पाय तसाच आत वळला. कुणी धक्का दिला नव्हता. पिशवीतले टोमॅटो तीन दुकानांपुढं पसरले. दुकानदारानं स्टूल दिलं, पाणी दिलं आणि सहज विचारलं, "आधी कधी लचकला होता का हो?" मी हो म्हटल्यावर त्यानं मान डोलावली. "मग आता लचकतच राहतो. माझं बी तसंच हाय."

हे वाक्य मी नंतर इतक्यांच्या तोंडून ऐकलं, की हा लेख लिहायचं त्या स्टुलावरच ठरलं होतं असं म्हणायला हरकत नाही. आपल्याकडं हे नशिबाचं कलम समजतात. एकदा लचकला की तो पाय कायमचा कच्चा. लोक तसंच जगतात. जिना उतरताना कठडा धरतात, ओबडधोबड वाट आली की वळसा घालतात, लग्नात नाचत नाहीत.

त्यात तथ्य नाही असंही नाही. डब्लिनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी पहिल्यांदाच घोटा मुरगळलेल्या माणसांना वर्षभर नजरेखाली ठेवलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. वर्षाअखेर ७० जण हाताशी होते आणि त्यातल्या २८ जणांचा, म्हणजे शंभरात चाळिसांचा, घोटा अजून दगा देत होता. मात्र हे चाळीस कोण असतील याचा अंदाज आधी येत होता. दुखापतीनंतर पहिल्या दोन आठवड्यांत ज्यांना उडी मारून उतरणं जमलं नव्हतं आणि सहा महिन्यांनीही तोल सांभाळणं ज्यांचं कमी पडत होतं, ते मागं राहिले. सगळा खेळ तोलाचा होता.

गोलाईतल्या प्रसंगानंतर आठवड्यानं मी नांदेडला बहिणीकडं गेले. लातूरहून चाकूर, अहमदपूर, माळेगाव, लोहा करत तो राष्ट्रीय महामार्ग ३६१ नांदेडात शिरतो, आणि त्या रस्त्यानं मी किती वेळा गेले असेन याची मोजदाद नाही. बहीण मला जबरदस्तीनं एका फिजिओथेरपिस्टकडं घेऊन गेली. पंचविशीतली मुलगी. मला वाटलं, ती मशीन लावेल, शेक देईल. तिनं चप्पल काढायला लावली, भिंतीपासून वीतभर अंतरावर उभं केलं आणि म्हणाली, "ताई, डाव्या पायावर उभ्या राहा. आता डोळे मिटा." मोबाईलवर ती सेकंद मोजत होती. बावीस सेकंदांनी माझा उजवा पाय खाली आला. "आता उजव्यावर."

चार सेकंद.

मला वाटलं, चुकून झालं. पुन्हा केलं. पाच. तिसऱ्यांदा डोळे मिटायच्या आधी तिनं मला खाली, पावलाकडं पाहायला लावलं. घोट्याच्या पुढच्या बाजूच्या कंडरा कातडीखाली उंदीर पळावेत तशा इकडून तिकडं धावत होत्या. अंगठा जमिनीला घट्ट रुतून पांढरा पडला होता. बाहेरच्या उंचवट्यामागचा स्नायू मात्र आळसावल्यासारखा अधूनमधून एखादा झटका देई, तोही उशिरा, तोल गेल्यावर. डाव्या पावलात याचं एक चिन्ह नव्हतं. तिथं बारीक, एकसारखी थरथर होती, पाण्यावर वाऱ्याची असते तितकीच. माझ्याच अंगाचे दोन पाय, आणि एकाला उभं राहणं येत होतं, दुसरा उभा राहायचं नाटक करत होता.

दुखत नव्हतं. सूज नव्हती. ताकद म्हणावी तर त्याच पायावर मी नांदेडचे घाट चढून-उतरून आले होते. मग हरवलं काय होतं?

इंग्रज शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये याला नाव दिलं: 'प्रोप्रिओसेप्शन'. लॅटिनमधल्या 'स्वतःचं' या अर्थाच्या शब्दावरून घडवलेला शब्द. मी त्याला 'भान' म्हणते. आपल्या भाषेत तो शब्द आधीच असताना नवा कशाला पाडायचा? डोळे मिटून नाकाला बोट लावता येतं, अंधारात पायरी सापडते, भाकरी थापताना तळहाताकडं न पाहता तिची जाडी कळते, ते हे भान. स्नायूंच्या आत बारीक तर्कूसारखे तंतू असतात. स्नायू किती ताणला गेला, किती वेगानं, हे ते सतत मेंदूला कळवतात. कंडरांत, सांध्याच्या पिशवीत, लिगामेंटमध्ये आणि तळव्याच्या कातडीत आणखी वार्ताहर बसलेले असतात. या पेशींना ताण नेमका कळतो कसा, हे कोडं आताआतापर्यंत सुटलेलं नव्हतं. अर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेनं २०१० मध्ये 'पिएझो' नावाची प्रथिनं शोधली, जी पेशीच्या पटलावर दाब आला की दार उघडतात. त्यातलं 'पिएझो-२' या भानाच्या मुळाशी आहे असं पुढं दिसून आलं आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

हे भान पूर्णच गेलं तर काय होतं, याचं उदाहरण इंग्लंडच्या इयान वॉटरमन यांचं आहे. १९७१ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, एका तापानंतर मानेखालच्या शरीराचं भान आणि स्पर्श त्यांनी गमावला. स्नायूंत ताकद होती, पण हात कुठं आहे हे पाहिल्याशिवाय कळत नव्हतं. डॉक्टरांना ते पुन्हा उभे राहतील असं वाटत नव्हतं. वॉटरमन डोळ्यांनी चालायला शिकले. प्रत्येक पाऊल बघून, ठरवून. अचानक दिवे गेले तर ते कोसळत. जोनाथन कोल या डॉक्टरांनी १९९१ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं.

माझं हरवलं होतं ते त्यांच्या तुलनेत सव्वा तोळा. पण वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली आणि पोटात कालवलं. गेले तीन महिने मीही खाली बघून चालत होते. गोलाईत ज्या क्षणी पाय वळला, त्या क्षणी मी वर, साड्यांच्या दुकानाच्या पाटीकडं पाहत होते. घोट्याचं काम डोळे करत होते आणि डोळे दुसरीकडं गेले की काम बंद. वारंवार घोटा मुरगळणारी माणसं तोलासाठी नजरेवर नेहमीपेक्षा जास्त टेकतात, हे संशोधनातही दिसलेलं आहे.

लातूरकर म्हणून इथं एक सांगून टाकते. 'पायाखालची जमीन सरकली' हा वाक्प्रचार आमच्या जिल्ह्यात सहजी कुणी वापरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायला काही मिनिटं असताना किल्लारी आणि आसपासच्या गावांत ती खरोखर सरकली. त्यानंतर कित्येक महिने आमच्या गल्लीतली माणसं घर धड असूनही बाहेर झोपत. जमिनीवरचा भरवसा भिंतीच्या डागडुजीनं परत येत नाही, हे तेव्हा पाहिलं होतं. घोट्याच्या बाबतीत ते कधी डोक्यात आलं नव्हतं, इतकंच.

आता थोडं घोट्याच्या आत जाऊ. बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट असतात, पायाच्या हाडाला पावलाच्या हाडांशी बांधणारे चिवट पट्टे. पाऊल आत वळतं तेव्हा पहिला बळी बहुधा पुढच्या पट्ट्याचा जातो. तो ताणतो, त्याचे तंतू तुटतात, क्वचित पूर्ण फाटतो. १९६५ मध्ये लंडनमधले शल्यविशारद मायकेल फ्रीमन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी एक सोपा प्रश्न विचारला: पट्टा भरून आला, सांधा तपासताना घट्ट लागतो, तरी रुग्ण म्हणतो पाय दगा देतो, हे कसं? त्यांनी माणसांना एका पायावर उभं केलं आणि दुखावलेल्या पायावर तोल कमी राहतो हे दाखवलं. त्यांचं म्हणणं असं, की पट्ट्याबरोबर त्यातल्या मज्जातंतूंची टोकंही तुटली, म्हणून खबर पोहोचत नाही. मग त्यांनी रुग्णांना हलत्या फळीवर उभं करून तोलाचा सराव दिला आणि दगा देणारे पाय कमी झाले.

पुढं गोष्ट थोडी वळली. निरोगी माणसाच्या घोट्याच्या बाहेरच्या लिगामेंटला भूल देऊन पाहिलं, तर उभं राहण्याचा तोल फारसा बिघडला नाही. म्हणजे तुटलेल्या तारा एवढंच कारण पुरत नव्हतं. बिघाड वरही असतो. दुखऱ्या पायाला जपण्यासाठी मेंदूनं चालीचा नवा हिशेब मांडलेला असतो आणि दुखणं गेल्यावरही तो जुन्या हिशेबावर परत येत नाही. एका घोट्याला मार लागल्यावर दुसऱ्या, धडधाकट पायाचाही तोल काही काळ उतरलेला आढळतो, तो याचमुळं. फ्रीमनचं कारण अर्धवट निघालं, उपाय मात्र टिकला. वैद्यकात असं पुष्कळदा होतं. मावशीच्या एरंडाच्या पानाबद्दलही मी आता फार बोलत नाही.

आणखी एक गोष्ट त्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं मला समजावली. पाऊल वाकडं पडल्यापासून इजा होईपर्यंतचा वेळ सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास असतो. घोट्याच्या बाहेरचे पेरोनियल स्नायू, ज्यांचं कामच पावलाला आत वळू न देणं, त्यांचा प्रतिसाद सुरू व्हायलाच याहून जास्त वेळ लागतो. ताकद चढायला आणखी. म्हणजे पाय वळायला लागल्यावर तो वाचवणं जवळपास अशक्य. वाचतो तो पाय टेकायच्या आधीच. पाऊल हवेत असतानाच ते नीट कोनात धरलेलं असतं, स्नायू आधीच थोडे आवळलेले असतात. भान कामाला येतं ते इथं.

कसलेल्या खेळाडूलाही हे दर वेळी साधत नाही. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर विश्वचषकात बांगलादेशविरुद्ध हार्दिक पंड्या आपल्याच गोलंदाजीवरचा सरळ फटका उजव्या पायानं अडवायला गेला आणि अंगाखालचा डावा घोटा वळला. त्याच्या षटकाचे उरलेले तीन चेंडू विराट कोहलीनं टाकले. देशातली उत्तमोत्तम वैद्यकीय मदत हाताशी असूनही पंधरवड्यानं, ४ नोव्हेंबरला, तो स्पर्धेतून बाहेर पडल्याचं जाहीर झालं. ही बातमी सर्वांना आठवते. त्याच पंधरवड्यात आपल्या जिल्ह्यांत किती पोरांचे घोटे गेले असतील, याची बातमी होत नाही.

पहाटे पाचला चाकूर ते लोहा या रस्त्यावरून जा. महामार्गाच्या कडेला अंधारात पोरं-पोरी पळताना दिसतील, भरतीची. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीचे ५० गुण. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे २०, शंभर मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. एकेका गुणावर घराचं गणित अडलेलं असतं. ट्रॅक सगळ्यांच्या नशिबात नाही. साइडपट्टीची खडी, पाणी वाहून पडलेल्या चऱ्या, ट्रकच्या दिव्यांनी मिनिटाला एकदा दिपणारे डोळे, आणि पायात तळ झिजलेले बूट. पाय मुरगळायला आणखी काय लागतं? मुरगळला की क्रेप बँडेज, फवारा, आठवडाभर विश्रांती, आणि चाचणीची तारीख जवळ असेल तर तेवढीही नाही. दुखणं थांबलं की पोरगं पुन्हा रस्त्यावर. डोळे मिटून एका पायावर उभा राहून दाखव, असं त्याला कुणी म्हणत नाही. मुख्य म्हणजे ते म्हणायला पैसे लागत नाहीत.

तालमीतल्या माणसांना याची जाण जुनी आहे, शब्द वेगळे. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक आणलं. पुढं 'मामा' म्हणून त्यांनी पुण्यात पिढ्या घडवल्या. लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्या बघायला बसलात, तर एकेरी पट काढतानाचा क्षण नीट पाहा. एका मल्लाचा पाय दुसऱ्यानं उचलून धरलाय आणि हा उरलेल्या पायावर नाचतोय, फिरतोय, समोरच्याच्या मानेवर हात टाकतोय. लोक वरचा डाव बघतात. मी हल्ली खालचा तो एक घोटा बघते. हौद्यातली माती तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली, पायाखाली सरकणारी. डोळे समोरच्यावर. म्हणजे नजर दुसरीकडं, जमीन हलती, पाय एक. फिजिओथेरपीच्या पुस्तकात अगदी शेवटच्या पायरीला जो व्यायाम दिलेला असतो, तो हाच.

आणि त्याची पहिली पायरी आपण सगळे लहानपणी अंगणात चढलेलो आहोत: लंगडी. ठिक्कर खेळताना एका पायावर उडी मारत, रेषेवर पाय न पडू देता, वाकून खापरी उचलायची. सातवी-आठवीनंतर मुलींची लंगडी सुटते, मुलांची त्याआधीच. मग एकदम पन्नाशीत कुणीतरी एका पायावर उभं करतं आणि चार सेकंद निघतात.

नांदेडच्या त्या फिजिओथेरपिस्टनं दिलेला माझा व्यायाम असा होता. सूज आणि कळ गेलेली होती, म्हणून लगेच सुरुवात झाली. आधी ओट्याजवळ, बोटं ओट्याला टेकतील न टेकतील अशी, एका पायावर तीस सेकंद, डोळे उघडे. चहा उकळेपर्यंत दोन्ही पायांची पाळी होते. मग बोटं सोडून. मग डोळे मिटून, पण भिंत हाताशी. हे एकटीनं, अंधारात करायचं नाही, हे तिनं तीनदा बजावलं. साठीच्या पुढच्यांनी तर शेजारी माणूस असल्याशिवाय नाहीच. मग घडी घातलेल्या गोधडीवर. गोधडीनं मला रडवलं. जमिनीवर जे पंधरा सेकंद मिळवले होते, ते गोधडीवर तीन झाले. मग खडूनं अंगणात आठ पाकळ्यांची चांदणी काढायची, मधोमध दुखरा पाय, आणि दुसऱ्या पायाच्या अंगठ्यानं एकेका रेषेवर जमेल तितकं लांब टेकून परत यायचं. मी रांगोळीनं काढली. उजव्यावर उभी असताना मागच्या-आतल्या बाजूच्या रेषेवर माझा दुसरा पाय, डाव्यावर उभी असतानाच्या मानानं, वीतभर कमी जाई. ते अंतर मी रोज बोटांनी मोजत असे.

आणखी एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती, घरातच कळली. उकिडवं बसलं की उजवी टाच उचलली जायची. आपण भाजी निवडायला, नळाखाली भांडी घासायला, शौचाला जसं बसतो, त्याला घोट्यानं पुढं पुरेसं दुमडावं लागतं. ते दुमडणं कमी झालं की चालताना पाऊल नीट पडत नाही. भिंतीपासून चार बोटं अंतरावर पाऊल ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा, हा त्याचा व्यायाम.

हलती फळी बाजारात मिळते, पण मी सुताराकडून करवून घेतली. गोल फळी, खाली अर्धा चेंडू. त्यानं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "चौरंग का? मग पाय कुठंयत?" मी म्हटलं, पाय माझे. ही थट्टा त्याला कळली नाही, पण त्यानं सागाचा तुकडा कातून इतका गुळगुळीत गोलावा दिला, की पहिल्या दिवशी मी त्यावर चढताच थेट दिवाणावर बसले. भाच्यानं दुसऱ्या मिनिटाला त्यावर उभं राहून मोबाईल बघायला सुरुवात केली.

हे सगळं कामाला येतं का? ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी २००९ मध्ये बीएमजे या नियतकालिकात एक प्रयोग छापला. नुकताच घोटा मुरगळलेले ५२२ खेळाडू. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यावर आठ आठवडे घरच्या घरी तोलाचा सराव, आठवड्यातून तीन दिवस, जास्तीत जास्त अर्धा तास. सोबत कुणी नाही. वर्षभरात पहिल्या गटात शंभरातल्या तेहतिसांचा घोटा पुन्हा मुरगळला, दुसऱ्यात बाविसांचा. जादू नाही. बावीस उरतातच. पण जो उपाय गोधडी, खडू आणि भिंतीवर चालतो, त्याच्या मानानं हा हिशेब मला घसघशीत वाटतो. आणि तो आपल्याकडं क्रेप बँडेजच्या पुडीबरोबर का देत नाहीत, हे मला अजून समजलेलं नाही. एका कागदावर मावेल एवढंच तर आहे. वेदना आणि सूज यांची चौकशी सगळे करतात. तोलाचं कुणी विचारत नाही, कारण त्याची तक्रार घेऊन कुणी येत नाही. पाय दगा देतो, असं म्हणत येतात, आणि तोवर ते नशीब ठरलेलं असतं.

माझे उजव्या पायाचे चार सेकंद नवव्या आठवड्यात एकोणीस झाले. बावीसपर्यंत अजून गेले नाहीत. डावा दरम्यान पस्तिसावर पोहोचला, म्हणजे शर्यतीला अर्थच उरला नाही.

दसऱ्याआधी पुन्हा मावशीकडं गेले होते. सोयाबीनची काढणी चालू होती, भेगा अजून उघडल्या नव्हत्या, माती ओलसर होती. मी वर बघून चालायचा सराव करत होते. पुढं चालणारी मावशी अचानक थांबली. बाभळीचा काटा चपलेतून आरपार गेला होता. वय अठ्ठ्याहत्तर. तिनं डाव्या पायावर उभं राहून उजवं पाऊल डाव्या गुडघ्यावर आडवं घेतलं, चप्पल काढून खाली टाकली आणि मंगळसूत्रातली पिन काढून काटा कोरायला लागली. आधाराला काही नाही. पायाखाली सोयाबीनची धसकटं. डोळे काट्यावर, तोंडानं चुलतभावाच्या जमिनीची हकिकत सुरू. मी मनात मोजायला लागले. तीस झाले. चाळीस झाले.

"काय मोजलालीस गं?" तिनं मान न उचलता विचारलं.

"काही नाही."

"मग उभी का? चल, धर ही चप्पल."